धम्मदीपा ओव्हाळचा संघ

रोबोट-स्पर्धेला पाच आठवडे उरले असताना धम्मदीपा ओव्हाळने आमच्या शाळेची चांगली चालणारी रोबोट-गाडी मुलांना सुटी करायला लावली. २००८ सालच्या डिसेंबरातला तो गुरुवार. प्रयोगशाळेच्या टेबलावर चाकं, मोटारी, वायरी यांचे ढीग पडत गेले आणि सातवीतली किमया रडायला लागली.

मी नेऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. रोबोटमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. संघाबरोबर शाळेची एक शिक्षिका हवी असा नियम होता आणि गुरुवारी माझे शेवटचे दोन तास मोकळे असत, एवढ्यावरच माझी नेमणूक झालेली.

गाडी बनवली होती स्वानंद कुलथे या इंजिनिअरने. मूळचा नांदेडचा, नोकरी हिंजवडीत, राहायला मारुंजीत. त्याच्या कंपनीने शाळेला रोबोटचा संच दिला आणि तो दर शनिवारी येऊन तीन मुलांना शिकवू लागला. माणूस मनापासून शिकवायचा, पण त्याचे हात फार भराभर चालत. मुलं विचार करेपर्यंत तो करून मोकळा झालेला असे. स्पर्धेत गाडीने पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या पट्टीवरून आपोआप चालायचं, वाटेतले तीन लाकडी ठोकळे उचलायचे आणि एका चौकटीत नेऊन ठेवायचे, तेही तीन मिनिटांच्या आत. स्वानंदची गाडी दोन मिनिटांत उरकायची. मग नोव्हेंबरात कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं.

मुख्याध्यापकांनी दुसरा इंजिनिअर शोधला. मिळाला नाही. तेव्हा नववीतली शारदा म्हणाली, "सर, आमच्या शेजारची धम्मदीपाताई कंपनीत बोर्ड दुरुस्त करती. तिला इचारू का?"

धम्मदीपा तेव्हा सव्वीस वर्षांची. वडील ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या मोटारी सांभाळायचे. त्यांच्या मागेमागे फिरून ती पाना-पक्कड धरायला शिकली. पुढे आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं. वर्गात मुली दोनच. माणच्या बाजूला एका कारखान्यात विजेच्या मीटरचे बोर्ड बनत. तपासणीत नापास झालेला प्रत्येक बोर्ड हिच्या टेबलावर यायचा आणि ही त्याचं दुखणं शोधायची. सहा वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. पहिली पाळी संपली की कंपनीच्या बसने चौकात उतरायची आणि चालत शाळेत यायची. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, त्या दिवशी दुपारीच हजर.

पहिले दोन दिवस तिने गाडीला हातही लावला नाही. नुसते प्रश्न विचारले. "वळायचं कवा, ते हिला कसं कळतं?" "ह्यो डोळा काढला तर काय हुईल?" गाडीच्या पोटाखाली काळं-पांढरं ओळखणारे दोन सेन्सर होते, त्यांना मुलं डोळे म्हणायची. कॉम्प्युटर सांभाळणारा आठवीतला दिग्विजय म्हणाला, "ते स्वानंदसरांनी लिवलंय."

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, ती चार रिकामे डबे घेऊन आली आणि म्हणाली, "सोडवा."

किमयाचं रडणं ऐकून मुख्याध्यापक धावत आले. "अहो, हे काय? चालती गाडी मोडलीत?"

"सर, गाडी चालत व्हती. पर ती का चालतीया, ते यातल्या एकालाबी सांगता येत न्हाई. तितं बिघडली तर ही काय करतील?"

"आणि नवी जमली नाही तर? जबाबदारी कोणाची?"

"माझी. लिहून देऊ का?"

तिचा आवाज जराही चढला नव्हता. सर त्या ढिगाकडे बघून म्हणाले, "लिहून नको. चहा पाठवतो."

नवी गाडी उभी करायला मुलांना बारा दिवस लागले. जोडणी, वायरी आणि प्रोग्राम ही तिन्ही कामं तिघांनीही शिकायची, हा तिचा नियम. भारनियमनामुळे शाळेचा कॉम्प्युटर रोज चार-चार तास बंद असायचा, म्हणून दिग्विजय आधी वहीत लिहायचा, साध्या मराठीत: काळं दिसलं तर डावीकडे, पांढरं दिसलं तर उजवीकडे. खोडायचा, पुन्हा लिहायचा. वीज आली की तेच कॉम्प्युटरच्या भाषेत. गाडी लागली चालायला, पण हळू. तीन मिनिटांना जेमतेम दहा सेकंद कमी.

त्यानंतर तिने वेगळाच खेळ सुरू केला. मुलांना बाहेर पाठवायची आणि गाडीत एक खोट करून ठेवायची. कधी वायर सैल करायची, कधी उतरलेली बॅटरी घालायची, कधी डाव्या डोळ्याची वायर उजव्याला जोडायची. मग हाक मारायची, "या, शोधा." पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली आणि तिघांचं कडाक्याचं भांडण झालं. तिने भांडू दिलं. मग म्हणाली, "आधी बॅटरी, मग वायरी, मग डोळं, आन् सगळ्यात शेवटी प्रोग्राम. कारखान्यात मी असंच बघते. अंदाज बांधायचा न्हाई, हात लावून बघायचं." जानेवारी लागेपर्यंत मुलं सहा मिनिटांत खोट पकडू लागली.

रविवारी शाळा बंद, म्हणून तिची पाळी सुटल्यावर सराव बुद्धविहारात. तिथली फरशी मोठी आणि सपाट. खिडकीतून ऊन आलं की गाडी भांबावून पट्टी सोडायची. मुलांनी दोन रविवार खर्चून डोळ्यांना पुठ्ठ्याची झापडं बसवली. म्हाताऱ्या गंगूबाई दर रविवारी दारात बसून बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "पोरी, हिला ढकलतंय कोण?" त्यांना समजावून सांगायचं काम धम्मदीपाने किमयावर सोपवलं. किमयाला अर्धा तास लागला, पण गंगूबाई शेवटी म्हणाल्या, "म्हंजी हिला दिसतंया, पर अक्कल तुमचीच."

त्याच आठवड्यात जर्मनीहून शाळेत स्वानंदचा फोन आला. धम्मदीपाने सगळं सरळ सांगितलं: तुमची गाडी सोडवली, तुमचा प्रोग्राम पुसला. मग तो म्हणाला, "बरं केलंत. मला वाईट वाटलं, पण बरं केलंत." ती म्हणाली, "संच तुमीच आणलावता, सर. न्हाईतर सोडवायला काय व्हतं?"

स्पर्धा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, बावधनच्या एका कॉलेजात. सव्वीस संघ. नोंदणीच्या टेबलावरच्या तरुणाने आमच्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "मार्गदर्शक सर कुठे आहेत?"

"मीच हाय."

"इंजिनिअर?"

"नियमात मार्गदर्शक अठराच्या वरचा पायजे, एवढंच लिहिलंय. चौथ्या पानावर." तिने पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं आणि बिल्ला दिला.

प्रत्येक संघाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. पहिल्या फेरीत आमची गाडी पहिला ठोकळा घेऊन वळणावर आली. तिथे फ्लेक्सला बारीक घडी पडली होती. गाडीचा ठोकळे उचलणारा पुढचा हात घडीला अडला, गाडीला हिसका बसला आणि ती जागच्या जागी गोल फिरू लागली. शंभरात तीस गुण. दुसऱ्या फेरीला वीस मिनिटं होती आणि मोठ्या माणसांना दोरीच्या आत मनाई होती. आजूबाजूचे पालक आणि सर दोरीवर वाकून आपापल्या मुलांना सूचना देत होते. शारदाने मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

धम्मदीपाने खुर्ची उचलली, फिरवली आणि मुलांकडे पाठ करून बसली.

"अगं, हे काय?" मी म्हणाले.

"मी बघत बसले तर ती माज्याकडंच बघतील. बाई, डबा काढा. भूक लागलीया."

तिने खरोखर चपाती-भाजी खाल्ली. मीच तिला बातम्या देत होते: बॅटरी बघितली, वायरी बघतायत, किमया पालथी पडून काहीतरी दाखवतेय. उजव्या डोळ्याची वायर निसटली होती. ती बसवल्यावर शारदाने पुढचा हात बोटभर वर घेतला. दिग्विजय म्हणत होता, वेग वाढवू, इतरांच्या गाड्या पळतायत. शारदा म्हणाली, "न्हाई. आपली जाती तशीच जाऊ दे." दोघांची जुंपली, किमयाने शारदाच्या बाजूने हात वर केला आणि विषय मिटला. सतरा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या फेरीला मात्र धम्मदीपा उभी राहून बघत होती. गाडी घडीवरून अलगद गेली. तिन्ही ठोकळे चौकटीत पोहोचले, शेवटचा अर्धा रेषेवर. दोन मिनिटं बावन्न सेकंद. नव्वद गुण. मी मोठ्याने ओरडले, आणि एका परीक्षकाने मला गप्प बसायची खूण केली.

त्यानंतर मुलाखत. वयस्कर परीक्षक बाईंनी दिग्विजयला विचारलं, "प्रोग्राम कोणी लिहून दिला, बाळ?"

"कुणी न्हाई. आमीच लिवला. वही दाखवू?"

त्या पानं उलटत राहिल्या. मग वही मिटून त्यांनी मुलांना आणखी दहा मिनिटं प्रश्न विचारले, आणि तिघंही एकमेकांची वाक्यं तोडत उत्तरं देत होती.

आमचा संघ तिसरा आला. पहिले चार संघ नाशिकला पुढच्या फेरीला जाणार होते. बक्षीस घ्यायला मुलांनी धम्मदीपाला ओढत वर नेलं. त्या दिवसापुरती रात्रपाळी मागून घेऊन ती कारखान्यातून थेट आली होती; कंपनीच्या ओळखपत्राची निळी दोरी तिच्या गळ्यात तशीच होती. खाली उतरल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाई, मला ठाव व्हतं." तिचा तळवा घामाने ओला होता.

नाशिकला आम्ही अकरावे आलो. परतीच्या गाडीत तिघं कुठे चुकलं याची यादी करत होती, कोणी रडलं नाही. पुढच्या वर्षी संघात येण्यासाठी एकोणीस नावं आली आणि नव्या मुलांना शिकवायचं काम शारदाने अंगावर घेतलं.

२०१० च्या जूनमध्ये धम्मदीपा एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

"अठ्ठाविसाव्या वर्षी कॉलेजात पोरं हसतील का, बाई?"

"हसू देत की."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि पेन उघडून नाव लिहायला बसली.