अठराशे वेढे

आत्या कॉइल गुंडाळायला बसली की तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. डाव्या चिमटीत केसासारखी तांब्याची तार, उजव्या हातात गुंडाळायच्या यंत्राचं हँडल आणि ओठांवर वेढ्यांची मोजणी. मध्येच कुणी काही विचारलं तर ती थांबत नाही. पुढचा आकडाच त्या त्या सुरात म्हणते. "मिक्सर झाला का हो?" याला "दोनशे बारा", सूर खाली, म्हणजे नाही. "चहा टाकू का?" याला "दोनशे तेरा!", म्हणजे हे काय विचारणं झालं. दार सताड उघडं टाकून आत आलेल्याला "दोनशे चौदा" असा मिळतो की तो आपण होऊन मागे वळतो आणि दार लोटतो.

मी साहित्यात एम.ए. आहे. कवितेतल्या सूचकतेवर प्रबंध लिहिते आहे, दोन वर्षं झाली. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिलं प्रकरण परत करताना समासात एवढंच लिहिलं होतं : "तळमळ आहे, पकड नाही." ते वाक्य मी बरेच दिवस मनाला लावून घेतलं होतं. त्याचा खरा अर्थ मला आत्याच्या दुकानात कळला, तोही चटका बसून.

दुकान खरं तर आत्याच्या नवऱ्याचं. ते मोटारींच्या आणि पंख्यांच्या जळक्या कॉइल नव्यानं गुंडाळायचे, पण गप्पिष्ट असल्यामुळे त्यांची मोजणी हमखास चुकायची. म्हणून आत्या शेजारी स्टुलावर बसून मोजायची. ते गेल्यावर महिनाभरात तिनं दुकान उघडलं. "मोजायला मी होतेच, फिरवायला शिकले," एवढंच ती त्याबद्दल सांगते. सुरुवातीला गिऱ्हाइकं विचारायची, "मिस्त्री कुठे गेले?" त्यांनाही आकडाच मिळायचा.

या वर्षी मात्र तिचे डोळे गेले. एका डोळ्याची नजर ऑपरेशननंतरही परतली नाही. दुसऱ्याला उजेड आणि माणसांचे आकार, एवढंच उरलं. बाबा तिचे धाकटे भाऊ. रोज संध्याकाळी येऊन तेच म्हणायचे.

"ताई, पुरे आता. विजेचं काम आहे. दिसत नाही तुला. एखाद दिवशी चिकटशील."

"वीज तुला दिसते का रे धाकट्या?"

"तसं नाही..."

"मग? आपण दोघंही आंधळेच की."

पण तिलाही भीती वाटत होती. एकदा तिनं टेबलावर पक्कड शोधताना तीनदा हात फिरवला आणि पक्कड तिच्या मांडीवरच होती. त्या दिवशी ती बाबांना काही उलट बोलली नाही.

अशात शाळेची विजेची घंटा दुरुस्तीला आली. बटण दाबलेलं अडकलं आणि घंटा दीड तास वाजत राहिली. "थांबली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं," शाळेचा शिपाई सांगत होता, "मग वास आला." आतली कॉइल जळून कोळसा झाली होती. सोमवारी परीक्षा सुरू होणार होती.

"ही घंटा करते," आत्या बाबांना म्हणाली. "नाही झाली तर मीच कुलूप लावते आणि किल्ली तुझ्या हातात देते. शनिवारी ये."

मग माझ्याकडे वळली. "पंडित, डोळे तुझे आहेत. गुंडाळायचं तू."

मला इतका अभिमान वाटला की मी हात धुऊन आले. शनिवारी सकाळी घंटेची जळकी तार काढून लोखंडी गाभ्याची रिकामी रीळ यंत्रावर चढवली आणि मोजू लागले. अठराशे वेढे हवे होते. नऊशेला पोचले तेव्हा उन्हाची तिरीप कॉइलवर पडली आणि तांबं असं काही उजळलं की मला दोन ओळी सुचल्या. रीळ यंत्रावरून काढली, खिडकीत धरून डोळे भरून पाहिली, ओळी वहीत उतरवल्या. एक शब्द बदलला. मग पुन्हा पहिला ठेवला. रीळ परत चढवली आणि उरलेले नऊशे पूर्ण केले.

बाबा आले, तोवर आत्यानं कॉइल सिरीज दिव्याला जोडायला सांगितली होती. हा तिचा पहारेकरी. साधा बल्ब, पण वीज आधी त्याच्यातून जाते आणि मग कॉइलमध्ये, म्हणजे काही घोटाळा असला तर आग लागण्याऐवजी बल्ब पेटतो. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"टोकं खरवडलीस?"

"कशाला? तांबंच आहे ना ते?"

आत्यानं सुस्कारा टाकला. "अगं, त्यावर लेप असतो. लेप नसता तर वेढ्याला वेढा लागून वीज आडवाटेनं पळाली असती. अठराशे वेळा गोल फिरायची तिला हौस आहे का? टोकांवरचा मात्र काढायचा, नाहीतर आत शिरणार कुठून?"

मी टोकं खरवडली. बटण दाबलं. या वेळी बल्ब भगभगून पेटला. मला वाटलं, जमलं!

आत्याचा चेहरा उतरला. तेवढा उजेड तिलाही दिसत होता. "दिवा मंद हवा. भगभगला म्हणजे कॉइल वीज अडवतच नाही. स्क्रूड्रायव्हर गाभ्याजवळ ने, ओढते का बघ."

नेला. कॉइलनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बंद कर. प्लग काढ," आत्या म्हणाली. मी प्लग काढला आणि कौतुकानं कॉइल उचलली. चटका बसला.

"तापते आहे," मी बोट चोखत म्हणाले, "पण ओढत नाही."

म्हणताक्षणी मला समासातलं वाक्य आठवलं. बाईंनी ते माझ्या प्रबंधाबद्दल लिहिलं होतं की या कॉइलबद्दल, कोण जाणे.

बाबांनी हळूच म्हटलं, "ताई, राहू दे. किल्ली नको देऊस आज. पण राहू दे."

कॉइल निवल्यावर आत्यानं ती हातात घेतली, अंगठ्याचं नख वरच्या थरावरून फिरवलं. मग वरचे काही वेढे सोडवत, तार कुठल्या बाजूनं सुटते ते चिमटीत पाहिलं.

"आतल्या टोकाची तार अशी फिरलीय," तिनं हवेत बोट फिरवलं, "आणि ही वरची उलटी. पंडित, मध्येच रीळ काढली होतीस?"

मी खाली पाहिलं.

"कशाला?"

"ऊन... छान पडलं होतं."

"आणि चढवताना उलटी चढवलीस. अर्धे वेढे लोखंडाचं चुंबक करताहेत, उरलेले अर्धे ते पुसताहेत. तापायचं कोण थांबवणार? ते दोन्हीकडून होणारच." मग बाबांना हसू फुटलं, आणि तिलाही. मला हसू यायला थोडा वेळ लागला.

चुकलेले नऊशे वेढे मी सोडवले. मग आत्यानं स्टूल पुढे ओढलं. "आता ऊठ."

"दिसणार नाही तुला," बाबा म्हणाले.

"तुझ्या लेकीला चांगलं दिसत होतं."

तिनं डावा अंगठा रिळीवर ठेवला. प्रत्येक नवा वेढा मागच्याला लागून बसतो की नाही, ते अंगठ्याला कळत होतं. सरकला की हात आपोआप थांबायचा, अर्धा घेर मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा. "नऊशे एक," ती म्हणाली.

"ताई, मी हँडल फिरवू का?"

"नऊशे दोन."

"निदान पंखा लावतो."

"नऊशे तीन!" बाबा बसले.

सूर्य खिडकीतून सरकून भिंतीवर गेला. अठराशेला ती थांबली, टोकं स्वतः खरवडली, बोटानं घासून पाहिली. मी जोडून बटण दाबलं. बल्ब तांबूस, पेंगुळल्यासारखा मंद पेटला. मी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला आणि तो हातातून हिसकावल्यासारखा गाभ्याला जाऊन चिकटला. मी किंचाळले.

कॉइल घंटेत बसवल्यावर बल्ब बाजूला केला आणि घंटा वाजवली. पलीकडचा शिंपी धावत आला. "आग लागली का?"

"नाही," बाबा म्हणाले, "शाळा भरली."

त्या दोन ओळी मी वहीतून खोडल्या. चांगल्या नव्हत्या; तापलेल्या होत्या, पण ओढत नव्हत्या. पहिलं प्रकरण आता उलगडायला घेतलं आहे. कुठे उलटं फिरले, ते अजून सापडलेलं नाही.

निघताना बाबा दाराशी घुटमळले. आत्यानं पंख्याची जळकी कॉइल सोडवून नवी रीळ यंत्रावर चढवली होती.

"ताई, मग कुलुपाचं काय ठरलं?"

तिनं चिमटीत तार धरली, हँडल फिरवलं.

"एक," ती म्हणाली.

बाबांनी बाहेर पडताना दार नीट लोटून घेतलं.