संकष्टीचं रिचार्ज

मोबाइल कंपनीबद्दल माझी एकच तक्रार आहे आणि ती लिहितानाही मला धास्ती वाटते. न जाणो, त्यांनी वाचलं आणि नंबरच बंद केला तर? म्हणून आधीच सांगतो, कंपनीचे माझ्यावर उपकार आहेत. रिचार्ज संपलं की फोनमधून एक बाई इतक्या अदबीनं ते सांगतात की मी पुष्कळ दिवस त्यांना "हो ताई, करतो ताई" असं उत्तर द्यायचो. मेसेज येतो त्यात "प्रिय ग्राहक" असतं. सातवीतून शाळा सोडून राजापूरच्या आतल्या खेड्यातून मी भाईंदरला आलो, त्याला खूप वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला दुसऱ्या कुणी प्रिय म्हटलेलं नाही.

तर तक्रार. पूर्वी बोलायचे पैसे पडायचे, गप्प बसणं फुकट होतं. आता बोलणं फुकट आणि गप्प बसायचे पैसे पडतात. महिनाभर कुणाला फोन केला नाही तरी रिचार्ज मारावंच लागतं. आमच्यासारख्या मिस्ड कॉलवाल्यांची यात पंचाईत झाली.

मिस्ड कॉलवाले म्हणजे मी आणि माझी आई. आई गावी एकटी असते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. तो देवाच्या फळीवर ठेवलेला असतो, कारण घरात रेंज तेवढ्याच जागी येते. रोज दिवेलागणीला मी तिला मिस्ड कॉल द्यायचो. दोन रिंगा म्हणजे मी बरा आहे, कामावरून आलो. आईला फोन लावता येत नाही. उचलता येतो, पण उचलायचा नाही, उचलला की पैसे पडतात, हे मीच तिला पहिल्या वर्षी घोकवून घेऊन शिकवलं होतं. पुढे बोलणं फुकट झालं तेही सांगितलं, पण ते तिला पटलं नाही. कुठली कंपनी फुकट बोलायला देते, तुला फसवतायत मेल्या, असं तिचं म्हणणं. खरंच काही बोलायचं असलं तर मी शेजारच्या वहिनीच्या फोनवर करायचो आणि वहिनी तो आईच्या कानाला लावायची.

रिचार्ज कधी मारायचं हेही आईनंच ठरवून दिलं. मी तारखा विसरतो. ती म्हणाली, संकष्टीला मार. महिन्यातून एकदा येते, कॅलेंडरावर छापलेली असते, आणि चांगल्या दिवशी मारलेलं टिकतं. मी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात आहे. संकष्टी आली की जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्या शेठकडे जायचो. शेठ विचारायचे, अट्ठाईस दिनवाला? मी म्हणायचो, हां शेठ. मला कुणी काहीही विचारलं की तोंडातून आधी हो बाहेर पडतं, मग मी त्याचा विचार करतो. शिवाय अठ्ठावीस दिवस म्हणजे महिनाच की. चार आठवड्यांचा महिना, एवढं तर सातवीपर्यंत झालं होतं.

पण दर महिन्याला एक अडचण यायची. संकष्टी एक-दोन दिवसांवर आली की माझा फोन मान टाकायचा. बाहेरून येणारे फोन यायचे, माझा मात्र कुठे लागायचा नाही. ताई सांगायच्या, वैधता संपली. मला वाटायचं, चूक माझीच. मी जास्त बोललो असणार, बोलण्यात दिवस खर्च झाले. कुणाला विचारायची लाज वाटली, कारण हा धडा नक्की आठवीत असणार. मग मी दिवस वाचवायला लागलो. कामावर असताना फोन बंद. वहिनीच्या फोनवर बोलताना एका दमात बोलायचो आणि आईलाही बजावलं, "आये, लांबण नको लावू. बोललं की दिवस संपतात." हे मात्र तिला तात्काळ पटलं. एक महिना तर मी मिस्ड कॉल सोडून कुणालाच फोन केला नाही. तरी त्यानं बरोबर त्याच दिवशी मान टाकली.

मग त्याच दिवशी रिचार्ज का नाही मारलं, असं तुम्ही विचाराल. आईनं संकष्टी सांगितली होती. एक-दोन दिवसांसाठी आईचं मोडायचं कशाला?

या खेपेला संकष्टीच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. फोन कालपासून मेलेला. दुपारी खोलीच्या ओट्यावर बसलो होतो आणि वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भावजी, घाबरू नका." तेव्हाच मी अर्धा घाबरलो. आई सकाळी चक्कर येऊन पडवीत बसली होती. आता बरी होती, पण जेवायला तयार नव्हती. वहिनीनं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. माझा मिस्ड कॉल आला नाही की आई त्याच संध्याकाळपासून उपास धरायची. कडक. पाणीसुद्धा घोटभर. आणि उपाशीपोटी कशी घ्यायची म्हणून ब्लडप्रेशरची गोळीही नाही. संकष्टीला संध्याकाळी माझ्या दोन रिंगा वाजायच्या आणि चंद्र बघून ती उपास सोडायची. गणपतीनं तिला एकदाही दगा दिला नव्हता. इतका रोख अनुभव असल्यावर उपास कोण सोडेल? आता उद्या चंद्र उगवेपर्यंत ती अशीच राहणार होती.

मी पुढचं विचारेपर्यंत वहिनीकडची रेंज गेली. मी उलट फोन लावला. ताई म्हणाल्या, वैधता संपली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना ताई म्हटलं नाही.

शेजारी माझ्या घरमालकीण काकी सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. त्यांच्या सासरची पूर्वी इथेच मिठागरं होती. मी रडकुंडीला येऊन त्यांना सगळं सांगितलं, बोलण्यात दिवस खर्च होतात हेसुद्धा. त्यांनी एवढंच विचारलं, कंपनी दिवस किती देते? मी म्हटलं, महिना. "आकडा सांग," काकी म्हणाल्या. मी अठ्ठावीस म्हटल्यावर त्यांनी ओट्यावर बोंबील ओळीनं मांडायला घेतले. अठ्ठावीस झाले. मग ढिगातून आणखी दोन काढून ओळीला लावले.

"ही पयली चवथ, ही फुडची चवथ," त्या म्हणाल्या. "कदी एकोनतीस, कदी तीस. आमी जल्मभर चांद बघून मिठागरात पानी घेतलं. तुजी कंपनी दोन बोंबील कमी देते. त्यात बोलन्याचा काय संबंद न्हाय."

मी ओळीकडे बघत राहिलो. वर्षभर ज्यासाठी मी तोंड दाबून बसलो होतो तो हिशेब दोन बोंबलांचा होता. आणि तो आठवीतही नसणार, कारण काकी शाळेतच गेलेल्या नाहीत.

मी तसाच पळत शेठकडे गेलो. मला बघून शेठनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज कैसे? संकष्टी तो कल है." मी धीर करून विचारलं, शेठ, अट्ठाईस दिन मतलब महिना नहीं? शेठ माझ्याकडे प्रेमानं बघत म्हणाले, "भाई, अट्ठाईस मतलब अट्ठाईस." यांच्यावरही रागावता येईना. त्यांनी दर वेळी विचारलं होतं, मीच हां म्हणत होतो.

रिचार्ज झाल्याबरोबर आईला फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पाच वेळा पूर्ण वाजवला. उचलेना. वहिनीला लावला, ती आईला आत्या म्हणते. म्हणाली, आत्या फोनसमोर हात जोडून उभ्या आहेत, देवानं इतक्या रिंगा कधी दिल्या नव्हत्या म्हणतात. मी म्हटलं, तुमचा फोन तिच्या कानाला लावा.

"आये, जेवून घे," मी म्हणालो.

"आता तर नायच," आई म्हणाली. आवाज बारीक, पण खुशीत होता. "या टायमाला पानी पन सोडलंय, तर बघ, संकष्टीच्या आधीच रिंग आली."

"आये, मी रिचार्ज मारलं म्हणून आली."

"आज मारायची बुद्धी कोनी दिली?"

तोवर मी ओट्यापाशी पोचलो होतो, काकींनी फोन मागून घेतला. त्यांनी आईला बोंबलांसकट सगळा हिशेब समजावला. आईनं तो नीट ऐकून घेतला असणार, कारण शेवटी काकी मान डोलवायला लागल्या आणि फोन मला परत देत म्हणाल्या, तुजी आय बरोबर बोलते, गनपतीनंच कंपनीला सुदारला पायजे. म्हणजे होत्या त्या एकट्या वकीलही फुटल्या.

तेव्हा मला जे सुचलं ते भीतीनं सुचलं. मी म्हणालो, "आये, नवस मीपन बोललोय. तू दोन वेळा जेवलीस, गोळी घेतलीस, तरच माझा फोन चालू राहील. तू उपाशी राहिलीस तर माझा नवस मोडेल."

मग तिनं विचारलं, "कुठल्या गनपतीला बोललास?"

काकींच्या दाराआड कॅलेंडर दिसत होतं. "कॅलेंडरातल्या."

आईनं यावर विचार केला. "मला इचारायचंस तरी," ती म्हणाली, आणि मग वहिनीला पेज वाढायला सांगितली. पेज ओरपल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन ठेवला नाही. संकष्टीचा उपास तेवढा तिनं राखला, तोही साबुदाणा खाऊन, गोळी घेऊन.

नवसाचं मी थापच मारली होती. देवाशी खोटं कसं वागणार? म्हणून त्याच संध्याकाळी कॅलेंडरासमोर उभा राहून तो खरोखर बोललो. आता एक दिवसही चुकून चालणार नव्हतं. काकींनी मला एक दिवस हाताशी राखून सत्तावीस बोंबील दोरीत ओवून दिले. रोज एक काढायचा, दोरी रिकामी झाली की शेठकडे जायचं. उपासाच्या दिवशीचा बोंबील मांजराला. फोनमध्ये आठवण करून देणारं काय काय असतं म्हणतात, पण त्याला इतका वास येत नसणार.

दोरी रिकामी झाली त्या दिवशी मी रिचार्ज मारलं आणि दिवेलागणीला नेहमीप्रमाणे दोन रिंगांसाठी फोन लावला. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत आईनं तो उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी इतका गडबडलो की कोण बोलतंय असं विचारून बसलो.

"जेवलंय मी, गोळी पन घेतलंय," आई म्हणाली. "नवसाचं सांगायला उचलला. ठेव आता, दिवस संपतील." आणि तिनं फोन ठेवून दिला.