खिडकीतलं जावळ

आमच्याकडं घरात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात. हंडा, कळशी, माठ, सगळं पालथं घालतात. का ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी आई गेली तेव्हा गावी, सोनईला, मीच रांजण आडवा केला होता.

बायको गेली त्या दिवशी तिला पोचवून आम्ही परत आलो, तर बायका घर धूत होत्या. थोरली भावजय दारात आली. "भावजी, खिडकीत पाच बरन्या हायेत. त्यात पानी हाय. काय करायचं?"

मी म्हणालो, "पानीच हाय ना? वता."

एवढंच बोललो. ते तोंडातून अजून जात नाही.

मी चौथी शिकलेला. भिंगारला सरकारी पाण्याच्या टाक्या धुण्यात सगळी नोकरी काढली. टाकीत उतरायचं, तारेच्या ब्रशानं भिंती घासायच्या, ब्लीचिंग पावडर मारायची. हिरवं दिसलं की माझा हात शिवशिवतो. आणि देवानं पोरगी दिली ती शिकून शास्त्रज्ञ झाली, समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत लागली, आणि ओहोटीला खडकावर वाकून वाकून तेच हिरवं-काळं खरवडायला लागली.

बायको गावभर सांगायची, "बाप खरवडून फेकतो, अन् लेक खरवडून घरी आनती."

"शेवाळ न्हवं ते, आण्णा," पोरगी म्हणायची. "शेवाळाच्याबी आधीपासून हाय ते पृथ्वीवर. सायनोबॅक्टेरिया." ते नाव मला चार दिवस म्हणता येईना. मग तिनं सोपं करून सांगितलं. ते खडकाला चिकटून असतं. त्याला दात नाही, पाय नाही. मासा खायला आला तर पळणार कुठं? म्हणून अंगातच एक कडू जिन्नस तयार करतं. तो जिन्नस काढायचा, निवडायचा आणि माणसाच्या दुखण्यावर चालतो का बघायचं, हे हिचं काम.

"म्हंजी तुमच्यासारखंच की," बायको माझ्याकडं बघून म्हणाली. "जागचं हलायचं न्हाई, अन् कडू." मायलेकी पोट धरून हसल्या. मी उठून बाहेर गेलो. आता वाटतं, बसायला पाहिजे होतं.

एका दिवाळीला पोरगी येताना एक बाटली घेऊन आली. सुट्टीत तिकडं बघायला कोणी नव्हतं. बाटलीत खारं पाणी आणि तळाशी तांबूस-काळे बारीक केस, गुंता झालेले. बायको म्हणाली, "अगं, हे तर जावळ हाय!" तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पहिले केस असतात ना, तसंच दिसायचं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव जावळ.

पोरगी जाताना अर्धं इथंच ठेवून गेली. पुढं तिकडचं गार ठेवायचं यंत्र बंद पडलं आणि तिच्या सगळ्या बाटल्यांतलं जावळ पांढरं पडून मेलं. ज्या खडकावरून आणलं होतं, तिथं तोवर दगडांचा बांध घातला गेला. तो खडकच राहिला नाही. तिनं दोनदा इथून नेलं, दोन्हीदा तिकडं मेलं. इथं मात्र वाढत होतं.

"आई, तुझ्या हातालाच येतंय गं ते," ती म्हणाली. "आता पाच बरण्या कर. दसऱ्यानंतर एकदमच सगळं नेते. लई सारं लागतं, तेव्हा कुठं चिमूटभर जिन्नस निघतो."

म्हणजे तिची सगळ्या वर्षांची मेहनत आमच्या खिडकीत लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं.

बायको पाणी उकळून गार करायची. पोरीनं दिलेल्या पुडीतलं मीठ मापानं घालायची, दर रविवारी पाणी बदलायची. ऊन जास्त लागू नये म्हणून जुन्या लुगड्याचा तुकडा खिडकीला लावला होता. पाणी कुठवर पाहिजे ते कळावं म्हणून प्रत्येक बरणीला बाहेरून लाल दोरा बांधलेला. सकाळी उठली की आधी खिडकी, मग माझा चहा. मी कुरकुर करायचो. ती म्हणायची, "तुमाला तोंड हाय, तुमी मागून घेता. त्याला हाय का?"

त्याच खिडकीपाशी ती गेली. सकाळी तुकडा सारखा करायला हात वर केला आणि खाली बसली. मला वाटलं, काही पडलं असेल ते उचलतीय. मी आतून ओरडलो, "चहाचं काय?"

भावजयीनं विचारलं तेव्हा मला त्या बरण्या डोळ्यांपुढं नको होत्या. रीत होती हे खरं, पण रीत नसती तरी मी तेच म्हणालो असतो. भावजयीचा काही दोष नाही.

संध्याकाळी, बरण्या ओतल्या त्या मोरीला खारट कुबट वास मारायला लागला. मी डबा काढला आणि मूठभर ब्लीचिंग पावडर मोरीत टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. जन्माची सवय.

पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. भावकी थांबली नव्हती, तिला आईचं तोंड दिसलं नाही. माझ्या गळ्यात पडून रडली. मग आत गेली. थोड्या वेळानं मी बघायला गेलो, तर ती मोरीपाशी उकिडवी बसून चहाच्या चमच्यानं मोरीचं तोंड खरवडत होती.

"आण्णा, हितं ब्लीचिंग कुनी टाकलं?"

"मी."

तिनं चमचा धुतला. जागेवर ठेवला. तेराव्यापर्यंत राहिली, सगळं केलं, मला जेवायला वाढलं. बरण्यांचा विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिना गेला. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहते, बायकोची तीस वर्षांची जोडीदारीण. सुतकात आमचा डबा तिच्याच घरून यायचा. एक दिवस कुंपणावरून म्हणाली, "भाऊ, ताई ती मिठाची पुडी कुठं ठेवायची हो? माझ्याकडची कधीच संपली."

"कसली पुडी?"

"जावळाची. एक बरणी दिलीय ना तिनं माझ्याकडं, श्रावणात. म्हणाली, विरजण शेजारी असावं. आपलं नासलं तर मागून आणता येतं."

मी कुंपण ओलांडलं. आत जाऊन बघितलं. तिच्या ओट्यावर बरणी होती, तोच लाल दोरा, आत हिरवंगार. तिच्या घरात कोणी पाणी ओतलं नव्हतं. मी तिथूनच पोरीला फोन लावला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. "हाय! जित्तं हाय!" ती म्हणाली, "हात लावू नका कुनी. निघाले."

सकाळी आली ती पिशवी खाली न ठेवता शेजारी गेली. छोटी दुर्बीण आणली होती, बारीक बघायची. काचेवर थेंब ठेवून तिनं डोळा लावला. आम्ही दोघं म्हातारी मागं उभी. शेजारीण पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. मी नुसता पोरीच्या पाठीकडं बघत होतो.

तिनं दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला. मग विचारलं, "मावशी, पुडी संपल्यावर काय घातलं?"

"साधं पाणी, बाळ. आपलं नळाचं. दर रविवारी बदललं, चुकवलं नाही कधी."

पोरीनं दुर्बीण मिटली. "लई छान सांभाळलंत, मावशी." तिचा हात हातात घेतला. म्हातारीला कळलं, ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

बरणी घेऊन आम्ही घरी आलो. पोरगी म्हणाली, "ते मेलं, आण्णा. गोड्या पान्यात टिकत न्हाई ते. हे आपल्या टाकीतलं हाय. साधं शेवाळ."

"मंग?"

"मंग काय? वता."

मी बरणी घेऊन मोरीशी गेलो. शेवाळच ते. तसलं मी सगळा जन्म घासून काढलं. झाकण काढलं, वाकलो, बरणी तिरकी केली. दोऱ्याची गाठ अंगठ्याखाली आली. ती गाठ तिची होती, दोनदा फिरवून मारलेली.

बरणी सरळ केली आणि परत आणून खिडकीत ठेवली. लुगड्याचा तुकडा सारखा केला.

"आण्णा, त्यात काय बी न्हाई," पोरगी म्हणाली.

"ठावं हाय मला."

ती आत गेली, आणि भांडं घासल्याचा, गॅस पेटवल्याचा आवाज आला. मला वाटलं चहा ठेवला. तिनं पाणी उकळायला ठेवलं होतं. बरणीतलं पाणी दोऱ्याच्या बोटभर खाली गेलं होतं.