इंग्रजी कादंबरीचं पारायण

अंगात येणं, भानामती, मुंज्या... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. कोणी भूत पाहिल्याचं सांगू लागलं की मी आधी विचारतो, जेवायला काय होतं? त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

साल १९४४, मे महिना. राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवऱ्याला मी इंग्रजीचा मास्तर होतो आणि तात्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. तात्या उसाचे बागायतदार. सहीपुरतीसुद्धा अक्षरओळख नाही, पण माणूस मोठा बेरकी. त्यांचा एकुलता एक मुलगा मारुती मी यायच्या आधीच पलटणीत गेला होता. आफ्रिकेच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याची तार आली, त्याला दोन वर्षं होत आली होती. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. घरात त्याचा फोटोही नव्हता.

भाऊबंद तात्यांच्या मागे लागले होते — पळसाच्या पानांचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, पोराला गती मिळू द्या. म्हणजे मग मारुतीच्या बायकोचं, कौसल्येचं, कुंकू पुसायचं. विशीतली पोर! मला त्या घरात घास गिळवत नसे.

सुट्टीत मी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचत होतो. नगरला एका पाद्रीसाहेबाच्या सामानाच्या लिलावात ती मिळाली होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, सोनेरी कडांची... आणि एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. क्रियापद सापडेपर्यंत चहा थंड व्हायचा. गोष्ट प्राचीन रोमच्या काळातली. एक तरुण ग्रीक मूर्तिकार एका तत्त्वज्ञाकडून दुसऱ्याकडे जातो आणि विचारतो — मरायचं आहे हे ठाऊक असताना जगायचं कसं? उत्तरं देणारे चिकार भेटतात, त्याला एकाचंही पटत नाही. मला तो फार आवडला होता.

तात्यांनी विचारलं म्हणून हौसेनं थोडं मराठीत सांगितलं. झालं! दुसऱ्या दुपारी तात्या हातपाय धुऊन, फेटा बांधून कडुनिंबाखाली घोंगडीवर हजर. मी म्हटलं, "अहो, ही साधी कादंबरी आहे. साहेबानं लिहिलेली."

"मरनाचं इचारतोय न्हवं त्यो?" तात्या म्हणाले. "मंग पोथीच की!"

आणि भाऊबंदांना त्यांनी बजावलं, "घरात पोथी लावलीय. पुरी झाल्याबिगर क्रियेचं नाव काढायचं न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा वेळ काढत होता. मी दोन पानं पुढे गेलो की म्हणायचा, "जरा दमानं घ्या, मास्तर." कौसल्या दाराआड बसून ऐकायची. पदरचं काही घालायचं नाही हा माझा नियम, पण एक ओळही मी गाळत नव्हतो. तरी पुस्तक संपत आलंच. मारुतीच्या चुलत्यांनी भटजींना सांगून ठेवलं, पळसाची पानंही घरात आणून टाकली.

शेवटच्या प्रकरणातली गोष्ट. तो मूर्तिकार डोंगर चढतो... माझी नजर इंग्रजीवर, तोंडात मराठी. डोंगरावर शेळ्यांचा दगडी गोठा. आत गवतावर दूरदेशीचा एक सावळा माणूस पडलाय. मोडलेल्या पायाला काटक्या बांधल्यात. एका डोळ्याचा म्हातारा त्याला दूध पाजतोय. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. म्हाताऱ्याच्या खाणाखुणा बघून तो माणूस हसतो आणि हसताना डाव्या हातानं कान चोळतो...

दाराआड भांडं पडलं. कौसल्या बाहेर आली. तोवर ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नव्हती.

"मास्तर, ते कानाचं परत वाचा."

मी पानाकडे पाहिलं. तिथे तत्त्वज्ञाचं ताऱ्यांवरचं भाषण होतं. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. गोठा नाही, म्हातारा नाही.

"इथे... नाहीये ते," मी म्हणालो.

"मंग तुमी काय वाचलं?" तात्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही, तात्या."

"मला ठावं हाय," कौसल्या म्हणाली. "हसू आलं का त्ये असाच कान चोळत्यात. त्ये जित्ते हायेत, मामंजी. मी कुंकू पुसनार न्हाई."

तात्या उठले आणि पळसाची पानं उकिरड्यावर टाकून आले.

भाऊबंदांनी मला तोंडावर शिव्या घातल्या. त्यांचं तरी काय चुकलं? मी स्वतःच हादरलो होतो. एका बाईचं अख्खं आयुष्य मी नसलेल्या मजकुरावर टांगून ठेवलं होतं. मारुती आलाच नाही तर? पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचून काढलं, काही सापडलं नाही. पोरीची कीव येऊन माझं मनच रचत गेलं असेल, कानाची लकब घरात कधी कानावर पडली असेल... अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. ती काही नीट पटत नव्हती.

दिवाळीनंतर मारुती आला. लंगडत आला. वाळवंटात पकडला गेला, तिथून इटलीत नेलं, छावणीतून पळताना डोंगरात पाय मोडला, आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळानं त्याला शेळ्यांच्या गोठ्यात लपवून जगवलं. अंगणात सगळं गाव लोटलं होतं. कौसल्या भिंत धरून उभी होती, तिला रडायचंही सुचत नव्हतं. मला मात्र भडभडून आलं आणि मी गर्दीच्या मागे सरकलो.

बोलता बोलता मारुतीची नजर माझ्यावर गेली. तो थांबला, वाट काढत जवळ आला.

"तुमी कवा आलात परत?"

"कुठून?" मी विचारलं.

"तिकडनं. गोठ्याच्या दारात हुबं हुता की तुमी, हातात बुक घेऊन. मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. तरी म्हनलं हुतं मी तुमाला, घरी सांगा... मी हाय म्हनून."

मी तोवर मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. वाचताना माणूस नक्की असतो कुठे, याचा मी पुढे आयुष्यभर विचार केला. उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कोणाला झाला तर जरूर कळवा, पण मला पटेलच अशी हमी देत नाही.

त्या वेळी विचार करायलाही सवड नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत उत्तरासाठी थांबला होता.

"सांगितलं," मी म्हणालो.