आबांची वाटणी

“बठ्ठा उनात का?” दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी आबा मागे वळून हेच विचारायचे. सगळे आले का? नरडाण्याच्या एसटीतून त्यांच्याबरोबर आठ जण उतरलेले असायचे आणि आठही त्यांच्या पाठीशीच उभे असायचे. तरी आबा एकेकाचं तोंड बघून खात्री करून घेत, मगच आत येत.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. धुळ्याच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीत मी नुकतीच लागले होते. नोकरी नवी, पांढरा कोट नवा, आणि सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आली आहे हा समज तर कोराकरकरीत.

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन ‘लाईट’, म्हणजे किरणोपचार, घेऊन झालेल्या रुग्णांवर तेव्हा एका गोळीची चाचणी चालू झाली होती. आजार परत उलटू नये म्हणून ती गोळी. काहींच्या बाटलीत खरी, काहींच्या बाटलीत अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. बाटल्यांवर नुसते आकडे. कुठली बाटली कसली, ते मुंबईला बंद पाकिटात. डॉक्टरांना ठाऊक नाही, मला तर नाहीच नाही.

आमचे डॉक्टर भले माणूस. अंगठा घेण्याआधी प्रत्येकाला हे सगळं बसून समजावायचे. आबांबरोबरच्या आठही जणांनी माना डोलावल्या. आबांनी तेवढं विचारलं, “म्हंजे बठ्ठास्ले सारखं नही?”

“नाही आबा. सगळ्यांना सारखं दिलं तर गोळीचा गुण कळणार कसा?”

आबांनी आपल्या आठ जणांकडे एकदा वळून बघितलं. मग त्यांनी अंगठा पुढे केला.

आबा मजुरांचे मुकादम. आयुष्यभर कापूस वेचणीच्या टोळ्या घेऊन हिंडलेले. गालाला टाके पडल्यामुळे हसले की चेहऱ्याची एकच बाजू हसायची. दवाखान्यातही त्यांनी टोळीच बांधली होती. बाकावर बसायच्या आधी पुरुषांना उभं करून म्हणायचे, “खिसा दखाड.” तंबाखूची पुडी निघाली की जप्त. बायकांची मिसरीची डबीसुद्धा सुटली नाही. एकदा त्यांच्याच उपरण्याच्या गाठीतून पुडी खाली पडली. मी नुसती भुवई उंचावली. आबा अजिबात न गडबडता म्हणाले, “मन्ही नही वं माय. लोकेस्नी शे. जप्त करेल.” मी हसू दाबून गोळ्या मोजत राहिले.

गोळ्या मोजणं हे माझं काम. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जुनी बाटली घ्यायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, नवी द्यायची. इतर गावांचे रुग्ण विसरायचे, सांडायचे. आबांच्या टोळीच्या नऊ बाटल्यांत मात्र एक गोळी इकडची तिकडे नसायची. मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं, तेव्हा मी ते घरी नेऊन आईला वाचून दाखवलं होतं.

वर्ष उलटून गेल्यावर एका मंगळवारी दुपारी मी डबा खायला मागच्या निंबाखाली गेले. तिथं आबांचं उपरणं पसरलेलं. त्यावर गोळ्यांचा ढीग. भोवती आठ जण मांडी घालून बसलेले, आणि आबा ढीग नीट कालवून एकेकाच्या बाटलीत गोळ्या टाकताहेत. मोजून, बरोबर साठ.

डबा तिथंच ठेवून मी पुढे गेले.

“आबा, हे काय चालवलंय?”

“वाटनी,” ते सहज म्हणाले. “डाक्टरसाहेबनीच सांगं ना, कोन्हाले खरी, कोन्हाले खोटी. आम्हीन एक गावना. हाई कसं चाली? वावरमा बठ्ठास्न्या भाकरी एक करतस आम्ही, मंग वाटतस. कोरी भाकर एकन्याच वाटाले येत नही. आठेबी तसंच.”

पहिल्या महिन्यापासून हेच चाललं होतं. मी मोजत होते ते गोळ्यांचे आकडे बरोबर होते, आणि त्यांना काडीचा अर्थ नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आबांना समोर बसवून सांगितलं, की औषधाला मात्रा लागते. आता कुणाच्याच पोटात पुरतं औषध गेलेलं नाही. आबांचा चेहरा उतरत गेला. “अर्धीनी काहीच नही व्हस?” त्यांनी विचारलं. “बहुतेक नाही, आबा.” टोळीची नऊ नावं चाचणीतून कमी झाली.

चार महिन्यांनी आबा त्या नऊ जणांतल्याच एका तरुण बाईला घेऊन आले. तीन लेकरांची आई. तिच्या जबड्याखाली गाठ परत आली होती, आणि ती डॉक्टरांच्या हाताबाहेर गेली होती. मला ती बाई फार आवडायची. मी खिडकीतून बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेले, “आबा, तिच्या बाटलीत खरी गोळी असती तर? तुम्ही मारलंत तिला.”

तिच्या बाटलीत काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. तरी बोलले. आबा बाकावर बसले, उपरण्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली. पुढच्या महिन्याच्या मंगळवारी टोळी तपासणीला आली, आबा आले नाहीत. त्यानंतर कधीच नाहीत. ती बाई महिनाभरात गेली.

दोनेक वर्षांनी मुंबईहून चाचणीचा निकाल आला. एकाच पानाचा. खरी गोळी खाणारे आणि खोटी खाणारे, यांच्यात काहीही फरक आढळला नव्हता. मी ते पान तीनदा वाचलं. आबांनी वाटलं काय, न वाटलं काय, तिचं काहीच बदललं नसतं. त्याच दिवशी रजा टाकून मी नरडाण्याची एसटी धरली.

घर सापडलं. आबांची बायको दारात तूर पाखडत होती. दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. आबांना जाऊन पाच महिने झाले होते.

“गालमा परत गाठ उनी व्हती,” ती म्हणाली. “दवाखानामा चला म्हनू, ते नहीच. म्हनेत, तठे कसा जाऊ, तिले मीच मारी टाकं.”

मी पर्समधलं पान काढलं आणि तिला मराठीत समजावून सांगितलं. आबांच्या वाटणीनं कुणाचंही वाईट झालेलं नाही, असं दोनदा सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

“मंग हाई त्यास्ले कोनीच सांगं नही?”

“नाही,” मी म्हणाले.

तिला मारलंत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिनं आत जाऊन चहा ठेवला. तो मी प्यायले आणि पाचच्या एसटीने धुळ्याला परत आले.