देवघराच्या दोन झडपा

माझा थोरला भाऊ मुंजाजी वालूरचा सुतार. हाताला त्याच्या तोड नाही हे त्याचे वैरीही सांगतील, आणि वैऱ्यांची त्याला कधी वाण पडली नाही. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी विचारणार, घरातलं जुनं कपाट कुणी केलं? मग त्या कपाटाची आणि ते करणाऱ्याची पार सालटी काढणार, आणि त्यानंतर मापं घेणार. लोक तरीही येतात. मला त्या लोकांचाही राग येतो.

धाकटा सूर्यभान, तोही सुतारच. त्याचं दुकान त्याच रस्त्याला. एकदा मुंजाजीनं भर बाजारात सांगितलं, की सूर्यभान ओलं लाकूड वापरतो म्हणून त्याची दारं पावसाळ्यात अडकतात. सूर्यभाननं तिथंच उलट सुनावलं, की बापाचा रंधा बळकावणाऱ्यानं दुसऱ्याच्या दारात नाक खुपसू नये. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आई-वडील राहिले नव्हते. मी समजवायला गेले की दोघंही मलाच झापायचे, दुसऱ्याची बाजू घेतेस म्हणून.

ताडकळसला आम्ही घर बांधलं तेव्हा मला वाट दिसली. आमच्या माहेरची रीत आहे, लेकीच्या नव्या घरातल्या देवघराचं दार भावाच्या हातचं असतं. मी सांगून टाकलं, मला दोन झडपांचं दार हवं, एक झडप दादाची आणि एक सूर्यभानची. एकच दार दोघांनी करायचं म्हटल्यावर तोंड उघडावंच लागेल, असा माझा बेत.

वरून सागवानाचं व्हिनियर लावायचं ठरलं. म्हणजे खऱ्या लाकडाचं कागदासारखं पातळ पान, प्लायवर चिकटवलं की अख्खं सागवान वाटतं. ते आणायला मी मुंजाजीबरोबर परभणीला गेले आणि पस्तावले. दुकानदार पानं दाखवतोय आणि हा एकेक पान उजेडासमोर धरून भोकं शोधतोय. पॉलिशनंतर रंग कसा येईल ते बघायला त्यावर ओलं फडकं फिरवतोय. वर म्हणतो, "हे काय सागवान हाय? चहात बुडवून आणलंय." दुकानदार म्हणाला, "घ्यायचं नसेल तर हात लावू नका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी एक गठ्ठा निघाला. एकाच ओंडक्याची पानं, कापली तशीच एकावर एक ठेवलेली. प्रत्येकाच्या एकाच कडेला अर्ध्या ज्योतीसारखी नक्षी. दुकानदारानं लागोपाठची दोन पानं काढली, वरचं पुस्तकासारखं उलटवून शेजारी मांडलं, आणि दोन्ही अर्ध्या जुळून मधोमध एक अख्खी ज्योत उभी राहिली. मुंजाजीनं हातातलं ओलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "हेच पायजे."

दुकानदारानं बजावलं, "एकच पान उलटवून चिकटवायचं. दोन्ही उलटवली, नाहीतर दोन्ही सुलटी लावली, तर ज्योत जुळायची नाही."

पानं चिरू नयेत म्हणून दोन प्लायच्या मध्ये बांधून टेम्पोत टाकली. वाटेत मी म्हणाले, "दादा, कोण उलटवणार ते सूर्यभानला विचारून घे."

"मी विचारू? उलटवायचं ते धाकट्यानं, थोरल्यानं कशाला? त्याच्या दुकानाची पायरी मी चढणार न्हाई."

"मग मी विचारते."

"तू मधी पडू नकोस. पडलीस तर दुसरा सुतार बघ."

सूर्यभानच्या हातात त्याचं पान दिलं आणि दुकानदाराचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, दादाचा निरोप इथं आणायचा न्हाई. आणायचा आसंल तर हे पान बी घेऊन जा." मी जीभ आवरली. दारच हातचं जाईल याची भीती वाटली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दोघं आले, एक पुढच्या दारानं आणि एक मागच्या. चादरीत गुंडाळलेल्या झडपा सोडल्या, शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक अर्धी ज्योत मधोमध आणि दुसरी पार भिंतीकडच्या कडेला. झडपांची अदलाबदल करून पाहिली, तरी तेच.

मुंजाजी थेट सूर्यभानकडे वळला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा.

"तू उलटवलंस?"

"उलटवलं. तू कशाला उलटवशील? कधी नमतं घेतलंस तू?"

"मी बी उलटवलं. तुझ्यासारखा आडमुठा ऐकणार न्हाई म्हणून मीच घेतलं नमतं."

क्षणभर मला वाटलं, आता हसतील. दोघांनीही माझ्यासाठी माघार घेतली होती, आणि घेतली हे एकमेकांना सांगायची दोघांनाही लाज वाटली होती. पण सूर्यभान म्हणाला, "आडमुठा कोण?" आणि मग ओलं लाकूड निघालं, बापाचा रंधा निघाला, शेजारच्या बाया गच्चीवर आल्या. ज्यानं त्यानं आपापल्या झडपेला बिजागऱ्या ठोकल्या आणि दोघंही न जेवता निघून गेले. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मुंजाजीचा फोन आला. "माझी झडप काढून ठेव. नवी करून देतो, पान सुलटं लावतो. त्याला सांगू नकोस."

त्याच संध्याकाळी सूर्यभानचा. "अक्का, माझी झडप काढून ठेव. पान सुलटं लावून देतो. दादाला कळू देऊ नकोस."

म्हणजे पुन्हा दोन्ही पानं सारखीच. मी दोघांनाही सांगितलं, आधी एकमेकाला फोन करा, मग माझ्या दाराला हात लावा. तो फोन अजून कुणी केलेला नाही, आणि दारही तसंच आहे. रोज सांजेला दिवा लावायला दार उघडते, आधी दोन्ही सुतारांना शिव्या घालते आणि मग हात जोडते.