आत्याची टाच

माझं इस्त्रीचं दुकान खाली आणि आत्याचं पाळणाघर माझ्या डोक्यावर. मध्ये फक्त लाकडी फळ्या. वर एखाद्या पोरानं उडी मारली की फटीतून चिमूटभर धूळ नेमकी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर पडायची. मग मी टेबलावर चढून काठीनं छताला ठोसे द्यायचो आणि वरून आत्या ओरडायची, "काका, पोरं आहेत ती, पोती नव्हेत!" हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. मिटवायची घाई कुणालाच नव्हती, कारण माझी नातही त्याच धूळ पाडणाऱ्यांत होती.

आत्या खरं म्हणजे कुणाचीच आत्या नव्हती. पूर्वी ती घरी बसून शिलाई करायची. एका शेजारणीनं कामावर जाताना "तासाभरासाठी ठेवते हं" म्हणून आपलं बाळ तिच्याकडे दिलं आणि ते शाळेत जायला लागलं तेव्हा परत नेलं. तोवर आणखी चार घरांना तासाभराची गरज पडली होती. शेवटी गल्लीनं मिळून वरची खोली धरली आणि पाळ्या लावल्या. प्रत्येक घरातल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा आत्याच्या मदतीला बसायचं. सुतारानं पोरांच्या उंचीची फडताळं करून दिली, दूधवाला दूध घालायचा, दुपट्यांची नि चादरींची इस्त्री माझ्याकडे. माझ्या पाळीला मी पोरांना गोष्ट सांगायचो. राजा शिकारीला निघायच्या आत सगळी पोरं घोरायला लागायची. "काका, तुम्ही रोजच येत चला," आत्या म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं हे मला कळत होतं.

तिची स्वतःची एक पद्धत होती. पोरांना ती हाक मारायचीच नाही. म्हणायची, वीस पोरांत जो ओरडतो तो एकविसावा. त्याऐवजी ती टाच आपटायची. एकदा आपटली की माझ्याकडे बघा, दोनदा आपटली की गोल करून बसा, आणि टाचांचा ताशा वाजला की चला हात धुवायला. फळ्यांची ती जमीन अशी दणाणायची की खाली माझ्या टेबलावरचं पाण्याचं भांडं थरथरायचं. पण पोरं? एका दमात सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. बाहेरून कुणी बघायला आलं की आत्या मुद्दाम टाच आपटून दाखवायची. तेवढी एक फुशारकी तिच्यात होती.

त्या पोरांत एक भिंगरी होती. सारखी स्वतःभोवती गोल फिरायची म्हणून ते नाव. तिचा बाप कुठंतरी दूर कामाला होता आणि तिकडंच रमला होता. आई पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात. पोरगी तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. घशातून आवाज काढायची, खिदळायची, हवं ते बोट दाखवून घ्यायची. बाकी तरतरीत. टाच पडली की सगळ्यांत आधी वळणारी तीच.

एका संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन तिची आई माझ्या दुकानाच्या दाराशी थांबली. आत्या तिला सोडायला खाली आली होती. आई चाचरत म्हणाली, "आत्या, हिला नीट ऐकू येत असेल ना हो? घरी हाक मारते तर बघतच नाही. आमच्या कारखान्यातली एक जण म्हणाली, कान तपासून घे. उद्याची रजा मागितलीय मी."

आत्या हसली. "अगं, माझी टाच पडायचा अवकाश, सगळ्यांच्या आधी ही वळते. हिला ऐकू येत नाही म्हणे! तुझ्या त्या बाईलाच आधी दाखवून आण. काही पोरं उशिरा बोलतात गं. रजा कशाला फुकट घालवतेस?"

आईचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. गल्लीतली निम्मी पोरं जिच्या हाताखालून गेली तिनं सांगितल्यावर आणखी कुणाला विचारायचं? दुसऱ्या दिवशी भिंगरीची आई कामावर गेली.

पुढं वर्ष होत आलं असेल, तेव्हा एका पोराच्या तळव्यात फळीची ढलपी घुसली. पाय सुजला, ताप भरला. पोराचा बाप नळदुरुस्तीची कामं करणारा, नाकावर राग असलेला पण कामाचा माणूस. त्यानं बंद पडलेल्या एका व्यायामशाळेतून रबराचे जाड गालिचे मिळवले. सगळी गल्ली कामाला लागली. आम्ही ते जिन्यावरून वर चढवताना एकमेकांवर इतके खेकसलो की लग्नघर परवडलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत रबर चिकटवलं. माझी धूळ बंद झाली, शांतता झाली, आणि मी त्या आनंदात सगळ्यांना चहा पाजला.

टाचेचा आवाज आता बसला होता. म्हणून आत्यानं टाळी सुरू केली. पोरं दोन दिवसांत टाळीला सरावली. भिंगरी तेवढी बिघडली.

बिघडली असंच सगळे म्हणत होते. बाकीची गोल करून बसली तरी ही पाठ फिरवून आपली खेळतेय. मागून कुणी जवळ गेलं की दचकून ढकलायची. एकाला तर चावली. आणि सारखी खोलीबाहेर जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीपाशी बसायची, उघड्या फळ्यांवर हातपाय पसरून. उचलून आत आणली की पुन्हा बाहेर. आमची ही पाळीवरून घरी आली की डोकं धरायची. आत्यानं तिला कोपऱ्यात बसवून पाहिलं. शेवटी आईला विचारलं, "घरी काय लाड चाललेत हिचे? पूर्वी अशी नव्हती." आई बिचारी शरमली आणि जाताना माझ्या दुकानासमोरच तिनं पोरीच्या थोबाडीत ठेवून दिली. पोरगी रडली नाही लगेच. आधी आईच्या तोंडाकडे बघत राहिली, काय चुकलं ते शोधत असल्यासारखी. मला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या घरात कोण तोंड घालणार, म्हणून मी शर्टावर इस्त्री फिरवत राहिलो.

मग एक दिवस पोरगी जिना उतरून थेट रस्त्यावर गेली. सामानाचा टेम्पो उलटा मागं येत होता. मी बोंब मारली. माझी बोंब पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्यानं ऐकली, पण हिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी धावत जाऊन दंडाला धरून खेचली. मागं टेबलावर कुणाची तरी पँट जळत होती.

त्याच संध्याकाळी वरच्या खोलीत सगळे पालक जमले. नळवाला तावातावानं म्हणाला, "एका पोरीमागं आख्खी पाळी जाते. उद्या काही बरंवाईट झालं तर खोलीला कुलूप लागेल. बाकीच्या पोरांनी मग जायचं कुठं?" त्याचं खोटं नव्हतं. म्हणून तर कुणाला उलट बोलता येईना. महिनाअखेरीपर्यंत भिंगरीची दुसरी सोय बघावी असं ठरलं. दुसरी सोय म्हणजे काय हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पोरीला घरात कोंडून कामावर जायचं, नाहीतर काम सोडून पोरीपाशी बसायचं आणि दोघींनी उपाशी राहायचं. आई रबराच्या गालिच्याची कड नखानं खरवडत बसली. सगळ्या माना आत्याकडे वळल्या. आत्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. मला तिचा राग आला, खरंच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेल्या चादरी द्यायला वर चढलो. भिंगरी नेहमीच्या जागी, वरच्या पायरीपाशी, माझ्याकडे तोंड करून. तिच्या मागं दारातून आत्या तणतणत आली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिच्या, चेहऱ्यावरच दिसत होतं. रागाच्या भरात तिनं उघड्या फळीवर टाच आपटली.

भिंगरी गर्रकन वळली. हसली. उठून तिच्या पायांना जाऊन बिलगली.

आत्या तिथंच उभी राहिली. मग तिनं पोरीला परत माझ्याकडे तोंड करून बसवलं. मागून टाळी वाजवली. काही नाही. नाव घेतलं, मोठ्यानं घेतलं. काही नाही. मग टाच नुसती टेकवली, मी समोर असूनही मला ऐकू आली नाही इतकी हळू. पोरगी वळली.

"काका," आत्या म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली. "हिनं माझी टाच कधी ऐकलीच नाही हो. हिच्या पायांना कळायची ती."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा चादरी हातातच राहिल्या.

तिनं संध्याकाळची वाट बघितली नाही. पाळीला आलेल्या बाईवर पोरं सोपवली, भिंगरीला उचललं आणि मला म्हणाली, "चला बरोबर. एकटीच्यानं सांगवणार नाही." जेवणाच्या सुट्टीत आम्ही कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिलो. आई पदराला हात पुसत आली. आत्यानं आडवळण घेतलं नाही. सरळ सांगितलं.

आईनं आधी पोरीचे दोन्ही कान चाचपले, जणू बाहेरून काही दिसेल. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"रजा मागितली होती मी. तुम्ही म्हणालात म्हणून नाही गेले."

"हो."

"मारलं मी हिला, आत्या. रस्त्यात मारलं."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. आई आत गेली नाही. पोरीला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. आम्ही मागं निघालो तर हातानंच नको म्हणाली.

तपासण्या झाल्या. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, जन्मापासूनच. यंत्र बसवता येईल, बोलायलाही शिकवता येईल, पण बोलणं रुजायची वर्षं हीच असतात, इतका उशीर का केलात, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हे आईनं आमच्या हिला सांगितलं. आत्याला नाही सांगितलं. आत्याला ते माझ्याकडून कळलं, आणि दिवसभर तिनं पोरांची नाकं-तोंडं पुसण्यापलीकडे कशाला हात लावला नाही.

नळवाला फार ओशाळला. वर येऊन गालिचे उपटायच्या गोष्टी करू लागला. आत्या म्हणाली, "राहू देत. फळ्या वाजत होत्या म्हणून तर आपण फसलो." भिंगरीला खोलीतून काढायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. उलट नवीन पाळ्या लागल्या. आठवड्यातून तीनदा पोरीला बसनं बोलण्याच्या वर्गाला न्यायचं, म्हणजे आईचं काम टिकेल. नळवाला गेला, सुताराची बायको गेली, मीही गेलो. तिथं त्या शिकवणाऱ्या बाईंनी मला पोरीसमोर उकिडवं बसवून "पाणी, पाणी" म्हणायला लावलं. माझे गुडघे आणि माझी लाज, दोन्हींनी दम सोडला.

आत्याला मात्र पाळी नव्हती. आईनं तसं तोंडानं कधी म्हटलं नाही. तिनं नुसतं विचारलं नाही. पोरीला ती रोज वर सोडायची, संध्याकाळी न्यायची, कामापुरतं बोलायची. गल्लीतल्या बाकीच्या बायांचंही विचारणं आटलं. पूर्वी दातापासून तापापर्यंत सगळं आत्याला विचारून चालायचं. आता विचारलं तरी आत्याच म्हणायची, "मला नाही सांगता येत. दाखवून आण." काहींना तो तोरा वाटला. एकीनं पोर काढून घेतलं.

एकदा असं झालं की ज्याची पाळी होती तो तापानं पडला, मी एकटा दुकानात, नळवाला गावाबाहेर. आई कामावर जायच्या घाईत जिन्याखाली उभी, आणि वर्ग चुकवून चालणार नव्हतं. आत्या दोन पायऱ्या वर उभी. शेवटी आईच म्हणाली, "तुम्ही न्याल?"

"नेते."

"तिथं काय सांगतील तेवढंच मला सांगायचं. तुमचं त्यात काही घालू नका."

"नाही घालत," आत्या म्हणाली.

संध्याकाळी आई आली तेव्हा आत्या नि भिंगरी माझ्या दुकानातल्या बाकावर बसल्या होत्या. आत्या उठून उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं सांगू लागली. "बाई म्हणाल्या, यंत्र लावल्यापासून ती मोठ्या आवाजाला दचकते, ते चांगलं आहे. म्हणाल्या, समोर बसून बोला, तोंड दिसलं पाहिजे. म्हणाल्या, पुढच्या खेपेला आईनं स्वतः यावं."

आईचा चेहरा उतरला. "मीच का? काही वाईट आहे का?"

आत्यानं तोंड उघडलं. इतकी वर्षं अख्ख्या गल्लीला दिलेला धीर तिच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. आई त्याचीच वाट बघत होती, तेही दिसत होतं. मलाच राहवेना. म्हणावंसं वाटलं, सांग की गं काहीतरी, नुसतं बरं वाटायला का होईना.

"ते मी विचारलं नाही," आत्या म्हणाली. "उद्या सकाळी जाऊन विचारून येते."

आईनं पोरीला कडेवर घेतलं.

"या विचारून," ती म्हणाली.